निळा, हिरवा, करडा, नारिंगी

कॅपकॉमचा 'सुपर पझल फायटर टू' १९९६ मध्ये आर्केडमध्ये आला. नावातला 'टू' वाचून अजूनही लोक पहिल्या भागाची चौकशी करतात. पहिला भाग कधी निघालाच नाही. कंपनीने स्वतःच्याच 'सुपर स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या खेळाचं नाव घेऊन त्याची गंमत केली होती. जपानमध्ये या खेळाला 'टू एक्स' म्हणतात, बाकीच्या जगात 'टू टर्बो'. मी ओसाकात आर्केडचे जुने बोर्ड दुरुस्त करतो. कॅपकॉमचं मुख्य कार्यालय याच शहरात आहे, पण माझ्याकडे बोर्ड येतात ते जगभरातून, आणि त्यात या खेळाचे बोर्ड मला सगळ्यात जवळचे वाटतात. एकच खेळ वेगवेगळ्या देशांत वेगळा का आणि कसा झाला, हे मला शाळेत किंवा पुस्तकात कळलं नसतं. ते मला या बोर्डांनी शिकवलं.

आधी खेळ सांगतो. पडद्यावर दोन खड्डे असतात, प्रत्येकी सहा रकान्यांचे. वरून रत्नांच्या जोड्या पडतात. रंग चार: लाल, हिरवा, निळा, पिवळा. एका रंगाची रत्नं चौकोनात बसली की त्यांचं एक मोठं रत्न होतं. त्याच रंगाचं गोल, फोडणारं रत्न त्याला टेकलं की सगळं फुटतं आणि समोरच्याच्या खड्ड्यात आकडे लिहिलेली रत्नं कोसळतात. ते आकडे पाचापासून उतरत जातात आणि संपले की त्यांची साधी रत्नं होतात. खड्ड्यांच्या मधोमध दोन बुटकी पात्रं मारामारी करत असतात. तिचा खेळावर काहीच परिणाम होत नाही, पण तुम्ही मोठी साखळी फोडलीत की तुमचं पात्र जोरदार फटका मारतं. ही बुटकी चित्रं लोकांना इतकी आवडली की पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, कॅपकॉमने त्यांनाच घेऊन खरा मारामारीचा खेळ काढला.

निवडायला आठ पात्रं मिळतात. स्ट्रीट फायटरमधून रियू, केन, चुन-ली आणि साकुरा. कॅपकॉमच्या भुताखेतांच्या मालिकेतून मॉरिगन, फेलिशिया, डोनोव्हन आणि एक चिनी भूतकन्या. ही भूतकन्या जपानी बोर्डात लेइ-लेइ असते, इंग्रजी बोर्डात श्येन-को. प्रत्येक पात्राचा रत्नं पाडायचा नकाशा वेगळा आहे. रियूचे रंग उभ्या पट्ट्यांत पडतात, केनचे आडव्या. मुरलेला खेळाडू समोरच्याने कोण निवडलं हे पाहून आपला खड्डा आधीच तसा रचत जातो, म्हणजे शत्रूने टाकलेला माल पाच चालींनंतर आपल्याच कामी येतो. या आकड्यांच्या रत्नांमुळेच मी हा खेळ टेट्रिसच्या पंगतीत बसवतो. मार खाल्ला तरी त्यातूनच पुढचा डाव उभा राहतो, अशी रचना फार थोड्या खेळांत आहे.

आता बोर्डाकडे येतो. हा खेळ चालतो सीपीएस-२ नावाच्या यंत्रणेवर. १९९३ मध्ये ती निघाली. तिचे दोन थर असतात. खालच्या 'ए' बोर्डावर सर्वसाधारण कामाची सामग्री असते, वरच्या 'बी' बोर्डावर तो विशिष्ट खेळ. दोन्ही प्लास्टिकच्या पेटीत बंद असतात आणि पेटीच्या रंगावरून बोर्ड कुठल्या प्रांताचा ते कळतं. अमेरिका आणि युरोपसाठी निळा, जपानसाठी हिरवा, उरलेल्या आशियासाठी करडा, लॅटिन अमेरिकेसाठी नारिंगी. निळ्यावर निळा आणि हिरव्यावर हिरवाच बसावा, असा कंपनीचा बेत होता. जपानमध्ये स्वस्तात मिळालेला माल कुणी परदेशात नेऊन विकू नये, हा त्यामागचा हिशेब. हिरवा बोर्ड सुरू केला की खेळाच्याही आधी इशारा येतो की हा खेळ फक्त जपानमध्ये वापरण्यासाठी आहे.

मी हे काम शिकलो डोंबिवलीत, मामाकडे. मामा व्हिडिओ गेम पार्लरांची मशिनं दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात ज्यांनी पार्लरमध्ये नाणी घातली आहेत त्यांना 'मुस्तफा' आठवत असेल. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉमचाच १९९३ चा खेळ. मामाच्या हाताखालून गेलेले बहुतेक बोर्ड नकली होते आणि वर्षानुवर्षं धूळ, घाम, विजेचे झटके खाऊन चालत होते. अस्सल बोर्ड मी पहिल्यांदा जपानमध्ये येऊन पाहिला, तेव्हा कळलं की अस्सल मालात कंपनीनेच कुलूप म्हणून एक सेल बसवलाय आणि तो संपला की बोर्ड मरतो. नकली बोर्ड करणाऱ्यांनी ते कुलूप काढून टाकलं होतं, म्हणून आमच्याकडची नक्कल टिकली आणि ज्याने रीतसर पैसे मोजले त्याचा बोर्ड गेला. या गोष्टीचा मला तेव्हाही राग आला होता आणि अजूनही येतो.

सीपीएस-२ मधला सेल ३.६ व्होल्टचा लिथियमचा असतो, 'बी' बोर्डावर सोल्डर केलेला. चिपांमधला प्रोग्रॅम सांकेतिक करून ठेवलेला असतो. तो उलगडायची किल्ली प्रोसेसरच्या आतल्या छोट्या स्मृतीत असते आणि ती स्मृती या सेलवर जगते. किल्लीची लांबी फक्त २० बाइट. एवढ्यात हे संपूर्ण वाक्यसुद्धा मावणार नाही. सेल उतरला की त्या २० बाइट जातात आणि पडदा एकाच रंगाचा होऊन बसतो. चित्रं शाबूत, आवाज शाबूत, प्रोग्रॅमही शाबूत, फक्त तो वाचणारं कुणी उरत नाही.

किल्ली प्रत्येक खेळाची वेगळी, आणि एकाच खेळाची प्रत्येक प्रांतासाठीही वेगळी. त्यामुळे मेलेल्या अमेरिकी बोर्डात जपानी चिपा घालून भागत नाही.

हे कोडं सुटायला फार वेळ लागला. २००१ च्या सुरुवातीला सीपीएस-२ शॉक नावाच्या हौशी गटाने उलगडलेला प्रोग्रॅम बाहेर काढायची वाट शोधली. त्यांची रीत अशी की जिवंत बोर्डाकडूनच उलगडून घ्यायचं, म्हणजे ज्या खेळाचा जिवंत बोर्ड मिळेल तोच वाचणार. पुढे २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी संकेताची पद्धतच उलगडून जाहीर केली. तरीही मेलेल्या बोर्डात किल्ली परत घालता येत नव्हती. लोक तोवर दुसरा मार्ग वापरत. सेल मेल्यावर प्रोसेसर उलगडण्याचं काम सोडून देतो, म्हणून आधीच उलगडलेला आणि थोडा बदललेला प्रोग्रॅम चिपांत भरून बोर्ड चालवायचा. बोर्ड चालायचा, पण मूळ चिपा निघून जायच्या. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयान कोर्ट यांनी दाखवलं की 'बी' बोर्डावरच्या सीएन-९ नावाच्या जोडणीतून किल्ली आत पाठवता येते. ती जोडणी इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्या दिवसापासून माझ्या कामाची तऱ्हाच बदलली. त्याआधी मी बोर्ड चालते करायचो, त्यानंतर ते जसे होते तसे परत करता येऊ लागले.

मागे लॅटिन अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून पझल फायटरचा नारिंगी बोर्ड आला. नारिंगी क्वचितच हाती लागतो. पेटी उघडली तर सेलला पाझर फुटला होता. भोवतालचा हिरवा लेप फुगून सुटला होता आणि खालचे दोन ट्रॅक काळे पडले होते. सेल काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने जागा स्वच्छ केली, भिंगाखाली ट्रॅक खरवडून तांबं चमकेपर्यंत नेले. एक ट्रॅक मीटरवर बोलला, दुसरा बोलला नाही. त्यावर केसाएवढी तार टाकली. नवा सेल थेट सोल्डर न करता होल्डरमध्ये बसवला, म्हणजे पुढच्या माणसाला बोर्ड तापवावा लागणार नाही, आणि होल्डरवर तारखेची चिठ्ठी लावली. मग सीएन-९ ला छोट्या कंट्रोलरच्या तारा जोडल्या आणि प्रोग्रॅमच्या चिपांवरचं लेबल पुन्हा वाचलं: पीझेडएफएच. 'पीझेडएफ' म्हणजे पझल फायटर आणि शेवटचं अक्षर प्रांताचं. जपानसाठी जे, अमेरिकेसाठी यू, युरोपसाठी ई, आशियासाठी ए, लॅटिन अमेरिकेसाठी एच. एचची किल्ली पाठवली, सप्लाय बंद करून पुन्हा चालू केला आणि पडद्यावर रंग आले.

बोर्ड सुरू झाला की सगळ्या चिपांची प्रत काढून ठेवायची, हा आमच्या दुकानाचा दंडक आहे. माझ्या मते हा कामातला सगळ्यात रसाळ भाग. प्रोग्रॅमच्या चिपा दोन, ५१२ किलोबाइटच्या, आणि लेबलावरचं प्रांताचं अक्षर फक्त त्यांच्यावर असतं. चित्रांच्या चार आणि आवाजाच्या चिपांवर नुसतं 'पीझेडएफ', कारण त्या सगळ्या प्रांतांत एकच आहेत. याचा अर्थ हिरव्या बोर्डातही 'टर्बो'ची इंग्रजी पाटी आहे आणि निळ्या बोर्डातही 'एक्स'ची. ओसाकातल्या पार्लरमध्ये खेळणाऱ्याच्या यंत्रात अमेरिकेचं शीर्षक आयुष्यभर पडून होतं आणि पडद्यावर कधीच आलं नाही. लपलेला मजकूर म्हटलं की लोकांना वाटतं, कुणा प्रोग्रॅमरने खोडी म्हणून काहीतरी दडवून ठेवलंय. तसंही असतं, पण बहुतेक लपलेल्या गोष्टी अशा निव्वळ सोयीसाठी आत राहिलेल्या असतात. चित्रांच्या चिपा एकाच साच्यातून काढणं स्वस्त पडतं. देश बदलायला दोनच चिपा बदलाव्या लागतात.

प्रोग्रॅमच्या चिपा वाचताना आणखी एक गोष्ट कळते. संकेत फक्त आज्ञांना लावलेला असतो, माहितीला नाही. त्यामुळे किल्ली नसतानाही प्रत काढून पाहिली तर मधेच ओळखीची अक्षरं दिसतात, फक्त जोडीजोडीने उलटी, कारण या चिपा एका वेळी दोन बाइट देतात आणि त्यांचा क्रम संगणकाच्या उलट असतो. चाचणीच्या पानावरचा 'टेस्ट' हा शब्द टी-ई-एस-टीच्या जागी ई-टी-टी-एस असा उभा राहतो. एकदा डोळ्याला सवय झाली की मेलेल्या बोर्डातूनही बरंच वाचता येतं. आज्ञांचा भाग मात्र दोन प्रांतांत शेजारी शेजारी ठेवला तर कुठेच जुळत नाही, कारण किल्ल्या वेगळ्या. दोन्ही उलगडले की एकाच झाडाच्या फांद्या ओळखू येतात. जपानी प्रोग्रॅमवर ३१ मे १९९६ ची तारीख आहे, अमेरिकीवर २० जूनची. म्हणजे मधे जवळजवळ तीन आठवडे गेले. एवढ्या काळात काम करणारी माणसं स्वस्थ बसत नाहीत. म्हणून अमेरिकी बोर्ड म्हणजे जपानीचंच भाषांतर, असं कुणी म्हटलं की मी त्यांना या दोन तारखा दाखवतो.

खरी खोडी म्हणून लपवलेलं काय, तर तीन पात्रं. अकुमा (जपानी बोर्डात गोउकी), डॅन, आणि 'सायबरबॉट्स' या १९९५ च्या खेळातली डेव्हिलॉट. निवडीच्या पानावर ती दिसतच नाहीत. पहिल्या खेळाडूने मॉरिगनवर येऊन स्टार्टचं बटण दाबून धरायचं, ते न सोडता दांडी ठरावीक क्रमाने डावीकडे आणि खाली हलवायची, मग निवडीचं बटण. डेव्हिलॉटसाठी त्यात आणखी एक अट: वर चाललेलं घड्याळ १० वर आलं की नेमक्या त्या क्षणी दाबायचं. एका हाताने दांडी, दुसऱ्याने स्टार्ट, आणि मग निवडीचं बटण कशाने? घरातल्या कंट्रोलरवर हे सोपं जातं. आर्केडच्या पॅनेलवर बोटं ताणून बसवावी लागतात, म्हणून ज्याला ते जमायचं त्याच्याभोवती गर्दी जमायची.

या तिघांतला डॅन मला फार आवडतो. 'स्ट्रीट फायटर अल्फा'मध्ये १९९५ साली तो आला तोच सगळ्यात कमजोर लढवय्या म्हणून. पझल फायटरमध्ये त्याचा रत्नांचा नकाशा पाहिला की रचणाऱ्यांची बुद्धी कळते. त्याची सगळी रत्नं लालच पडतात. समोरच्याला फक्त एक लाल फोडणारं रत्न राखून ठेवायचं असतं. डॅनने कितीही मारा केला तरी तो सगळा एका फटक्यात त्याच्यावरच उलटतो. पात्राचा स्वभाव संवादातून नाही, आकड्यांच्या कोष्टकातून सांगितलाय. चिपांच्या प्रतीत मी जेव्हा ते कोष्टक शोधलं, तेव्हा इतरांच्या चौकटीत रंगांचे आकडे बदलत होते आणि डॅनच्या चौकटीत एकच आकडा ओळीने मांडलेला होता. मी दुकानमालकांना हाक मारून ते दाखवलं. तेही बराच वेळ पाहत राहिले.

सीएन-९ चा मार्ग सापडल्यापासून एक नवाच प्रश्न उभा राहिलाय. आता कुठल्याही बोर्डात कुठलीही किल्ली घालता येते. दोन चिपा बदलल्या की हिरवा बोर्ड आतून अमेरिकी होतो. बरीच गिऱ्हाइकं हेच मागतात. जपानी वाचता येत नाही, मग इंग्रजी करून द्या, असं त्यांचं म्हणणं. गेल्या हिवाळ्यात एका युरोपीय ग्राहकाशी याच मुद्द्यावर लांब पत्रव्यवहार झाला. त्याच्याकडे करड्या पेटीतला आशियाचा बोर्ड होता, मेलेला. "करडा कुणाला हवाय, निळा करा," असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला लिहिलं की निळे बोर्ड जगात पुष्कळ आहेत, तुमच्या हातात आहे तो त्या मानाने दुर्मीळ. त्याच्या चिपा अजून चांगल्या आहेत. तुम्हाला निळाच हवा असेल तर जुळणाऱ्या चिपा आणि किल्ली दोन्ही करून देतो, पण मूळ चिपा वेगळ्या पाकिटात, लेबलासकट, बोर्डाबरोबरच परत येतील आणि त्यांची किल्ली पेटीच्या आत लिहिलेली असेल. त्याने मान्य केलं. महिन्याभराने त्याचा निरोप आला की पुढच्या वेळी बोर्ड पाठवीन तेव्हा करडाच करून द्या.

दुकानमालक माझ्याहून कडक आहेत. त्यांच्या मते प्रांत बदलूनच देऊ नये. मला ते पटत नाही. बोर्ड खेळायला असतो आणि माणसाला कळत नसलेल्या भाषेत अडकवून ठेवणं हे जतन नव्हे. पण मूळ चिपा टाकून देणं, किंवा पुसून त्यांतच दुसरा प्रोग्रॅम भरणं, हे मी कधी केलेलं नाही आणि करणारही नाही. आज संगणकावर या खेळाचे पाचही प्रांत चालवता येतात ते याचमुळे की कुणीतरी प्रत्येकाचा जिवंत बोर्ड शोधला, त्याच्या चिपा वाचल्या आणि 'हा तर तोच खेळ' म्हणून बाजूला टाकला नाही. घरच्या यंत्रांसाठी याच खेळाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. २००१ मध्ये ड्रीमकास्टसाठी निघालेली आवृत्ती फक्त जपानमध्येच विकली गेली, आणि २००७ ची नव्या चित्रांची आवृत्ती डेव्हिड सर्लिन यांच्या देखरेखीखाली झाली. तिच्यात जुना तोलही ठेवलाय आणि सुधारलेलाही. सर्लिन यांना काय सुधारायचं हे कळलं, कारण आधीचा तोल नेमका काय होता याची नोंद शाबूत होती.

मामाने पार्लरांचं काम केव्हाच सोडलं. त्याच्या माळ्यावर जुने बोर्ड अजून पोत्यात आहेत. मी फोनवर सांगितलं, "मामा, एकही विकू नकोस, भंगारात देऊ नकोस, मी येतोय." तो म्हणाला, "सगळे नकलीच असतील रे." असतीलही. पण आपल्याकडे करडे बोर्ड पोचलेच नसतील असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुंबई, पुणे, पणजी, कोल्हापुरात कुणाच्या घरी बंद पडलेल्या पार्लरचा माल पडून असेल तर पेटी उघडण्याआधी तिचा रंग आणि चिपांच्या लेबलावरचं शेवटचं अक्षर लिहून ठेवा, फोटो काढा. सेल दिसला तर बोर्ड जिवंत आहे की नाही हे कळेपर्यंत तो उपटू नका, मीटरवर व्होल्टेज मोजा. पाझर फुटला असेल तर लवकर जाणत्या माणसाकडे न्या, कारण आम्ल ट्रॅक खात जातं आणि किल्ली परत आणता येते तसे ते ट्रॅक आणता येत नाहीत. चिपांवरची लेबलं मात्र कुठल्याही परिस्थितीत सोलू नका. पुष्कळदा बोर्ड कुठला, हे सांगणारं तेवढंच एक अक्षर उरलेलं असतं.